‘असेन्शन’वरच्या एका प्रतिक्रियेला उत्तर

पॅराडाइज लॉस्ट या इंग्लिश मेटल बँडच्या ‘असेन्शन’ या नव्या अल्बमवर मी लिहिलेल्या लेखाखाली आपण टोपणनावाने भली मोठी प्रतिक्रिया दिलीत. वेळ काढून लिहिलंत, आभार. पण तिचा सूर मला अजिबात आवडलेला नाही. ‘लेखक भारावून गेलाय’, ‘अभ्यास तोकडा आहे’ इथपर्यंत मी ऐकून घेतलं असतं. ‘घाम पुसत लोकल पकडणाऱ्या मुंबईकराने यॉर्कशरच्या उदासीचा आव आणू नये’ हे मात्र मी ऐकून घेणार नाही.

कुठली उदासी म्हणताय आपण? धुकं, चर्च आणि काळे कोट? हा बँड १९८८ साली इंग्लंडच्या यॉर्कशर भागातल्या हॅलिफॅक्समध्ये सुरू झाला आणि हॅलिफॅक्स हे गिरण्यांचं गाव आहे. तिथली डीन क्लफ ही गालिच्यांची गिरणी एके काळी जगातल्या सर्वांत मोठ्या गिरण्यांपैकी होती. ती १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली, म्हणजे बँडचा गायक निक होम्स आणि गिटारवादक ग्रेग मॅकिंटॉश शाळेत असताना. गिरण्यांवर वाढलेल्या गावात गिरण्याच राहिल्या नाहीत की काय होतं, हे त्या पोरांनी लहानपणी पाहिलंय.

आणि मी लालबागचा आहे, साहेब. वडील कापडगिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. १८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यातल्या बहुतेकांना पुन्हा आत जाता आलं नाही. वडील त्यानंतरही कितीतरी दिवस पहिल्या पाळीच्या वेळेला उठायचे, दाढी करायचे, धुतलेला शर्ट घालायचे आणि चाळीच्या गॅलरीत येऊन बसायचे. कोणाशी बोलायचे नाहीत. आईने खाणावळीच्या पोळ्या लाटायला घेतल्या होत्या, तेवढाच काय तो घरात आवाज. हा आव आहे का? पंख्याखाली बसून असं वाक्य टाइप करण्याआधी आपण एकदा विचार करायला हवा होता.

कॉलेजात असताना एका मित्राने मला १९९३चा ‘आयकॉन’ टीडीकेच्या कॅसेटवर भरून दिला. मॅकिंटॉशची लीड गिटार मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली. खाली रिफ, म्हणजे गिटारची पुन्हापुन्हा येणारी धून, जड पावलांनी चालत असतो आणि ही वरून एक लांब, विव्हळणारा सूर धरून ठेवते. होम्स थांबला की गाणं तीच पुढे नेते. गॅलरीतले वडील मला त्या सुरात दिसले. त्यासाठी मला थंडी लागली नाही, यॉर्कशर तर नाहीच नाही. मुंबईच्या रंगभवनात मेटलच्या कार्यक्रमांच्या गर्दीत माझ्या शेजारी उभी असलेली परळ-भायखळ्याची पोरंही काही आव आणायला येत नव्हती. ‘असेन्शन’मध्ये तीच गिटार आहे, तितकीच हट्टी, म्हणून मी भारावलो. पुन्हा भारावेन.

‘ग्राउल म्हणजे जुन्या चाहत्यांना खूश करायचा धंदा’ असंही आपण लिहिलंय. ग्राउल म्हणजे घशातून काढलेला गुरगुरता आवाज. ज्यांना चाहत्यांनाच खूश करायचं असतं ते १९९९मध्ये ‘होस्ट’सारखा इलेक्ट्रॉनिक अल्बम काढून निम्मे चाहते घालवत नाहीत. होम्सचा ग्राउल १९९०च्या पहिल्या अल्बमपासूनचा आहे. मधली बरीच वर्षं त्याने तो बाजूला ठेवला आणि २०१५च्या ‘द प्लेग विदिन’मध्ये पुन्हा काढला. स्वतःचाच आवाज वापरायला त्याने कोणाची परवानगी घ्यायची? माझ्या अभ्यासाबद्दल बोलणाऱ्याला एवढा इतिहास ठाऊक असायला हवा.

एक गोष्ट मान्य करतो: शेवटाकडे अल्बम थोडा सैल पडतो आणि ‘ड्रॅकोनियन टाइम्स’ची उंची त्याला नाही. पण १९९५च्या त्या अल्बमची उंची या प्रकारात कितीजणांना गाठता आली?

राहिलं ड्रम्सच्या मिक्सिंगबद्दलचं आणि माझ्या लेखाच्या लांबीबद्दलचं. त्यावर मला काही बोलायचं नाही. आपली प्रतिक्रिया मी काढून टाकलेली नाही, टाकणारही नाही. पुन्हा लिहायचं असेल तर संगीतावर लिहा, अगदी कठोर लिहा. मी कुठे राहतो आणि मला किती घाम येतो, ते त्यातून वगळा.