कबानातुआन: ‘कुणाच्याही मदतीविना’ हे धादांत खोटं

जानेवारी संपत आला की समाजमाध्यमांवर एक मजकूर फिरू लागतो. त्याचा सारांश असा: ‘३० जानेवारी १९४५. फिलिपिन्समधली कबानातुआनची युद्धकैद्यांची छावणी. १२१ अमेरिकी रेंजर्स शत्रूच्या मुलखात जवळपास ५० किलोमीटर आत घुसले आणि कुणाच्याही मदतीविना, एकही माणूस न गमावता, मरणाच्या दारात असलेल्या ५०० अमेरिकी कैद्यांना सोडवून आणलं. जपान्यांना काय घडलं ते कळलंसुद्धा नाही.’

तारीख बरोबर आहे, जागा बरोबर आहे. कैदी सुटले हेही खरं, आणि कामगिरी विलक्षण धाडसाची होती यात वाद नाही. बाकीच्या दाव्यांत मात्र खोट आहे. सगळ्यात मोठी खोट ही की ज्या देशात हे घडलं त्या देशाचा एकही माणूस या गोष्टीत शिल्लक राहिलेला नाही. मला या मजकुराचा राग येतो तो त्यामुळे.

‘कुणाच्याही मदतीविना’ इथून सुरुवात करू. गरजच काय पडली होती सुटकेची? १४ डिसेंबर १९४४ रोजी पालावान बेटावर प्वेर्तो प्रिन्सेसा इथे जपानी पहारेकऱ्यांनी १५० अमेरिकी कैद्यांना हवाई हल्ल्यापासून बचावाच्या खंदकांत घातलं, वरून पेट्रोल ओतलं आणि पेटवून दिलं. बाहेर पळणाऱ्यांना गोळ्या घातल्या. १३९ जण मेले, ११ वाचले. ते वाचले कारण फिलिपिनो लोकांनी त्यांना लपवलं, खाऊपिऊ घातलं आणि अमेरिकी सैन्यापर्यंत पोचवलं. वाचलेल्यांपैकी युजीन नील्सन यांची साक्ष जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सेनेकडे पोचली. ९ जानेवारीला अमेरिकी फौजा लिंगायेनच्या आखातात उतरल्या तेव्हा प्रश्न उघड होता. सैन्य छावणीजवळ पोचलं की तिथल्या कैद्यांचंही तेच होणार का? म्हणजे ज्या बातमीमुळे ही मोहीम निघाली, ती बातमीच फिलिपिनो हातांतून आली होती.

आता मोहिमेतली डोकी मोजा. लेफ्टनंट कर्नल हेन्री म्युसी यांच्या सहाव्या रेंजर बटालियनचे (रेंजर्स म्हणजे छापे घालणारे खास सैनिक) सव्वाशेच्या आत-बाहेर सैनिक, शिवाय टेहळणी करणाऱ्या अलामो स्काउट्सच्या दोन तुकड्या. आणि कॅप्टन हुआन पाहोता व कॅप्टन एदुआर्दो होसोन यांचे अडीचशेहून अधिक फिलिपिनो गनिमी सैनिक. मजकुरात जे ‘कुणीच नव्हते’, ते रेंजर्सच्या दुपटीने होते.

संख्येपेक्षा कामाकडे पाहिलं तर हे आणखी ठळक होतं. छावणीभोवतीचा मुलूख म्हणजे सपाट, उघडी शेतं. लपायला झाड नाही. रेंजर्सनी शेवटचं अंतर पोटावर सरपटत काटलं, आणि जपानी पहारेकऱ्यांची नजर आकाशाकडे वळावी म्हणून पी-६१ जातीचं अमेरिकी लढाऊ विमान छावणीवर अगदी कमी उंचीवरून घिरट्या घालत होतं, मध्येच इंजिन बंद पडल्याचं सोंग करत होतं. ही विमानाची क्लृप्ती सगळ्यांना आवडते, प्रत्येक वर्णनात येते. ती सुचवली होती पाहोतांनी. मूळ बेत २९ तारखेचा होता. छावणीजवळून जपानी सैन्याची मोठी ये-जा चालली आहे, आज गेलो तर मरू, हे पाहोतांनी म्युसींना सांगितलं आणि स्काउट्सच्या माहितीनेही तेच दाखवलं. बेत एक दिवस पुढे गेला. दुसऱ्या दिवशी स्थानिक शेतकऱ्यांचे कपडे घालून दोन स्काउट्स छावणीसमोरच्या एका झोपडीत जाऊन बसले आणि तिथून दार, कुंपण, पहारे टिपले. त्या दोघांपैकी एक, रुफो वाकिलार, फिलिपिनो वंशाचे.

गावांनी काय केलं ते तर कुणी सांगतच नाही. रात्री शेकडो माणसं वस्तीजवळून जाणार, कुत्री भुंकली की संपलं. म्हणून गावकऱ्यांनी आपापल्या कुत्र्यांची तोंडं बांधली, कोंबड्या डालल्या. प्लातेरो गावात परतणाऱ्या साडेसहाशे माणसांना पुरेल एवढं अन्न गोळा करून शिजवलं, तेही जपानी ताब्यातल्या, लुटून फस्त झालेल्या मुलखात. पाम्पांगा नदीच्या काठावर शेतकरी आपल्या काराबाव रेड्यांच्या गाड्या घेऊन थांबले होते. चालू न शकणारे कैदी त्या गाड्यांत घातले गेले. सुरुवातीला पंचवीसेक गाड्या होत्या. वाटेत गावागावांतून भर पडत गेली आणि शेवटी आकडा शंभरावर पोचला. ज्याची गाडी या रांगेत जपान्यांना दिसली असती त्याचं घर दुसऱ्या दिवशी उभं राहिलं नसतं. रेंजर्स मोहीम संपवून आपल्या फौजेकडे गेले. गाडीवान तिथेच राहणारे होते.

‘जपान्यांना कळलंसुद्धा नाही.’ छावणीतल्यांना खरोखरच उशिरा कळलं. पावणेआठच्या सुमारास कॅप्टन रॉबर्ट प्रिन्स यांच्या सैनिकांनी गोळीबार सुरू केला आणि काही मिनिटांत पहारा मोडला. पण छावणीच्या ईशान्येला, काबू नदीपलीकडे, सुमारे हजार जपानी सैनिकांची बटालियन मुक्कामाला होती. गोळीबार ऐकून ती लगेच निघाली. वाटेत पूल होता आणि पुलाच्या अलीकडे पाहोतांची माणसं दबा धरून होती. त्यांनी पुलाखाली लावलेल्या सुरुंगाने पूल पूर्ण पडला नाही, तरी रणगाडे पार होणार नाहीत एवढा मोडला. मग जपानी सैनिक पायी चालून आले, पुन्हा पुन्हा आले, आणि प्रत्येक वेळी मशीनगनच्या तोंडी गेले. बझूका (खांद्यावरून डागायचं रणगाडाविरोधी अस्त्र) चालवायला काही तासांपूर्वीच शिकलेल्या एका गनिमी सैनिकाने झाडांआडचे रणगाडे निकामी केले. ही लढाई रात्री दहाच्या सुमारापर्यंत चालली. छावणीच्या नैऋत्येला, कबानातुआन शहराकडून येणारा रस्ता होसोनांच्या माणसांनी धरून ठेवला होता. शहरात काही हजार जपानी सैनिक होते.

आपण घोडखिंड विसरत नाही. महाराज विशाळगडावर पोचले ते बाजीप्रभूंनी खिंड धरली म्हणून, हे शाळकरी पोरालाही सांगावं लागत नाही. मग काबूच्या पुलाला वगळून कबानातुआनची गोष्ट मराठीत कशी सांगितली जाते? पाहोतांच्या तुकडीतलं कुणी त्या रात्री मेलं नाही, वीसेक जखमी झाले. मेले नाहीत म्हणून त्यांनी लढवलेला पूल लहान ठरत नाही.

‘एकही माणूस न गमावता.’ हे ज्यांनी लिहिलं त्यांनी कॅप्टन जेम्स फिशर आणि कॉर्पोरल रॉय स्वीझी यांची नावं वाचलेली नाहीत. फिशर बटालियनचे डॉक्टर होते. छावणीच्या दाराशी तोफगोळ्याच्या तुकड्याने त्यांचं पोट फाटलं, गावकऱ्यांच्या मदतीने त्यांना बालिंकारिनपर्यंत नेलं, तिथे दुसऱ्या दिवशी ते गेले. स्वीझी त्याच रात्री गोळी लागून मेले. दोन कैदीही मुक्काम गाठू शकले नाहीत: एकाचं हृदय छावणीतून बाहेर नेतानाच थांबलं, दुसरा आजाराने गेला. ‘शून्य हानी’ लिहिल्याने पराक्रम वाढत नाही, या चौघांचं मरण तेवढं पुसलं जातं.

‘५०० अमेरिकी कैदी.’ आकडा पाचशेच्या थोडा वर जातो आणि त्यात बहुतांश अमेरिकी होतेच. पण ब्रिटिश सैनिक होते, काही डच होते, नॉर्वेजियन नागरिकही होते. एडविन रोझ नावाचे ब्रिटिश कैदी कमी ऐकू येत असल्याने शौचकूपातच राहिले आणि सगळा गोळीबार त्यांना कळलाच नाही. सकाळी छावणी रिकामी दिसली. ते एकटे बाहेर पडले तेव्हा सापडले ते फिलिपिनो गनिमांनाच, आणि त्या गनिमांनी त्यांना सुखरूप पोचवलं.

या मुद्द्यात आणखी एक गोष्ट दडते आणि ती मला जास्त अस्वस्थ करते. छावणीतले सगळे वाचले, असा समज हा मजकूर वाचून होतो. कबानातुआनमध्ये एके काळी हजारो कैदी होते. बातान आणि कोरेहिदोर ही फिलिपिन्समधली अमेरिकी ठाणी पडल्यावर आणलेल्यांपैकी अडीच हजारांहून अधिक तिथेच मलेरिया, आमांश, घटसर्प आणि उपासमारीने मेले. जे धडधाकट उरले त्यांना जपानने मजुरीसाठी मालवाहू जहाजांच्या तळघरांत कोंबून नेलं. त्या जहाजांवर कैदी असल्याची कुठलीही खूण नसायची. २४ ऑक्टोबर १९४४ रोजी ‘अरिसान मारू’ अमेरिकी पाणबुडीच्या टॉर्पेडोने बुडालं. आतल्या १,७०० हून अधिक कैद्यांपैकी ९ वाचले. ३० जानेवारीला छावणीत जे सापडले ते मुख्यतः आजारी आणि अपंग, म्हणजे जहाजावर चढवण्याच्या लायकीचेही न मानलेले. सुटका झाली ती उरलेल्यांची.

त्यातही सगळेच ‘मरणाच्या दारात’ होते हे अर्धंच खरं. जानेवारीच्या सुरुवातीला बरेचसे पहारेकरी निघून गेले होते. कैद्यांनी जपानी कोठारं फोडली, रेडे मारून खाल्ले आणि तीन आठवड्यांत थोडं बळ कमावलं.

फिलिपिनो म्हणजे एकदिलाचा जमाव होता असंही नाही. परतीच्या वाटेवर हुकबालाहाप या डाव्या गनिमांच्या ताब्यातलं गाव लागलं. त्यांनी अमेरिकनांना वाट द्यायची तयारी दाखवली, पण पाहोता-होसोनांच्या माणसांना नाही. बरीच घासाघीस झाल्यावर सगळे पुढे गेले. ३१ जानेवारीला ट्रक आणि रुग्णवाहिका भेटल्या आणि कैदी गिंबाच्या लष्करी रुग्णालयात पोचले.

फिलिपिनोंना गाळण्याचं काम आजच्या मजकुराने सुरू केलेलं नाही. मार्च १९४५ मध्ये पदकं वाटली गेली तेव्हा म्युसी आणि प्रिन्स यांना डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस मिळाला, इतर अमेरिकी अधिकाऱ्यांना सिल्व्हर स्टार, आणि पूल लढवणाऱ्या फिलिपिनो अधिकाऱ्यांना त्याखालचा ब्राँझ स्टार. फेब्रुवारी १९४६ मध्ये अमेरिकी काँग्रेसने ‘रेसिजन अ‍ॅक्ट’ करून अमेरिकी हुकमाखाली लढलेल्या फिलिपिनो सैनिकांची सेवा माजी सैनिकांना मिळणाऱ्या बहुतेक लाभांसाठी धरायचीच नाही असं ठरवलं. २००९ मध्ये हयात असलेल्यांना एकरकमी पैसे मिळाले: अमेरिकी नागरिक असेल तर १५,००० डॉलर, नसेल तर ९,०००. त्यांना अमेरिकी काँग्रेसचं सामूहिक सुवर्णपदक देण्याचा कायदा झाला डिसेंबर २०१६ मध्ये, तोवर बहुतेक जण गेलेले होते.

हा मजकूर तुमच्याकडे आला तर पुढे जरूर पाठवा, रेंजर्सचं कौतुकही ठेवा. फक्त ‘कुणाच्याही मदतीविना’ हे शब्द खोडा आणि तिथे हुआन पाहोता, एदुआर्दो होसोन आणि प्लातेरोचे गाडीवान एवढं लिहा.