थिअरीवाले फुकट खातात?

सध्या मराठवाड्यातल्या शिक्षकांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘कंडेन्स्ड मॅटरमधल्या थिअरीवाल्यांना ना लॅब, ना उपकरण. एकेकटे बसून पाच वर्षं कागद काळे करायचे आणि फेलोशिप उचलायची. दुष्काळी भागाला याचा उपयोग काय? बंद करा.’ भौतिकशास्त्र शिकवणारेही तो पुढे पाठवताहेत, म्हणून हे उत्तर. (कंडेन्स्ड मॅटर म्हणजे घन आणि द्रव पदार्थांचं भौतिकशास्त्र; थिअरीवाले ते प्रयोगाऐवजी गणिताने उलगडतात.)

आधी ‘एकेकटे’. अतिवाहकता, म्हणजे खूप थंड केलेल्या पदार्थातून वीज रोधाशिवाय वाहणं, 1911 साली पाऱ्यात सापडली. ती का होते हे कळायला 1957 उजाडलं, आणि सांगितलं ते तिघांनी मिळून: जॉन बार्डीन हे प्राध्यापक, लिऑन कूपर पीएचडी करून आलेले, रॉबर्ट श्रीफर बार्डीनचे विद्यार्थी. आजचा ग्रुपही तसाच असतो. गाइड, जमलं तर एक पोस्टडॉक (पीएचडीनंतर संशोधन करणारा), पीएचडीची चार पोरं-पोरी, प्रोजेक्टला आलेला एमएस्सीवाला. मीटिंगमध्ये एकीने फळ्यावर डेरिव्हेशन मांडायला घेतलं की तिसऱ्याच ओळीला कोणीतरी अडवतं, ‘इथं उणे का नाही आलं?’ समीकरणात दोन इलेक्ट्रॉनांच्या ऑपरेटरांची, म्हणजे त्यांच्यासाठी लिहिलेल्या गणिती क्रियांची, जागा बदलली की अधिक-उणे चिन्ह बदलतं. ते एका ओळीत निसटलं तर पुढचं सगळं गणित फुकट जातं. हे एकट्याने पकडणं फार अवघड.

लॅब नाही, हे खरं. पण मला तर हीच जमेची बाजू वाटते. प्रयोगांना लागणाऱ्या द्रव हीलियम आणि निर्वात कक्षांचा खर्च आपल्या विभागांना झेपत नाही. पदार्थातल्या इलेक्ट्रॉनांचं गणित सोडवणारं क्वांटम एस्प्रेसोसारखं सॉफ्टवेअर मात्र मोफत मिळतं. त्यातही कष्ट आहेतच: ज्या बिंदूंवर गणित करायचं त्यांची जाळी दाट करून पाहायची, उत्तर हललं तर अजून दाट करून पुन्हा रन लावायचा. नुसते आकडे घालून आलेले आलेख छापणारे प्रबंध निघतात, त्यांच्यावर जरूर टीका करा. तो दोष परीक्षणाचा आहे, विषयाचा नाही.

फेलोशिप कोणी ‘उचलत’ नाही. जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) नेट या राष्ट्रीय परीक्षेतल्या गुणवत्तेवर मिळते, आणि दोन वर्षांनी कामाचं मूल्यमापन झाल्यावरच तिची एसआरएफ (वरिष्ठ फेलोशिप) होते.

राहिला उपयोग. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपणारी, वेधशाळा व्हायची आहे; केंद्रीय मंत्रिमंडळाने 2023 मध्ये तिला सुमारे 2,600 कोटी मंजूर केले. लायगोच्या आरशांवर सिलिका आणि टँटलम ऑक्साइडचे अतिशय पातळ थर असतात. ते काचेसारखे अस्फटिक असतात, आणि त्यांच्यातल्या उष्णतेच्या थरथरीमुळे गुरुत्वीय लहरींचा क्षीण संकेत झाकला जातो. ही थरथर समजायला थिअरी लागते: अस्फटिक पदार्थात अणूंचे छोटे गट जवळपास सारख्या ऊर्जेच्या दोन स्थितींमध्ये ये-जा करतात, ही कल्पना 1972 साली अँडरसन, हाल्परिन आणि चंद्र वर्मा यांनी मांडली. फिलिप्स यांनीही स्वतंत्रपणे मांडली. त्यांच्यापुढचा प्रश्न साधा होता: खूप थंड केलेली काच स्फटिकापेक्षा जास्त उष्णता का धरते? आज आरशांचे कमी गोंगाटाचे थर शोधणारे हीच कल्पना हाताशी घेऊन बसतात.

औंढ्याची वेधशाळा चालू होईल तेव्हा या थरांवर काम करणारी माणसं लागतील. ती परभणी-हिंगोलीची, नांदेड आणि संभाजीनगरच्या विभागांत शिकलेली असावीत असं मला मनापासून वाटतं. ती घडायला वर्षं लागतात, म्हणून त्यांची फेलोशिप आज चालू राहिली पाहिजे.