कोर्ट बंद झालं तरी दावा मरत नाही

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरतोय: ‘सुवर्ण विधानसौधात कायदा करून सरकार आपलं कोर्ट रद्द करणार. चालू दावे बाद, झालेले निकाल रद्दी. वेळेत तडजोड करा.’ (सुवर्ण विधानसौध म्हणजे बेळगावातली कर्नाटक विधिमंडळाची इमारत.) विधेयकाचा क्रमांक नाही की खात्याचं नाव नाही. तरी शेजारच्या काकू वाटणीचा दावा सोडून, भाऊ देईल तेवढ्यावर सही करायला निघाल्या होत्या.

राज्याला असा कायदा करता येतो का? येतो. मुंबईच्या सिटी सिव्हिल कोर्टाच्या वादात सर्वोच्च न्यायालयानं 1950 सालीच खालची कोर्टं उभारायचा राज्याचा अधिकार मान्य केला. ज्याला उभारता येतं त्याला मोडताही येतं. पण 42 व्या घटनादुरुस्तीनं हा विषय समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदे करता येणाऱ्या यादीत, गेला, त्यामुळं केंद्राच्या कायद्याला छेद द्यायचा तर राष्ट्रपतींची संमती लागते. मॅजिस्ट्रेटचं कोर्ट कुठं असावं हेसुद्धा सरकार हायकोर्टाशी सल्लामसलत करूनच ठरवतं.

‘चालू दावे बाद’ ही मात्र शुद्ध थाप. कायद्यात वेगळं काही लिहिलं नसेल, तर एका कोर्टाचं काम दुसऱ्याकडं गेलं की अधिकारही तिकडंच जातात. दिवाणी प्रक्रिया संहिता, कलम 150. बस्ता, म्हणजे दाव्याच्या कागदांचा गठ्ठा, बेळगावला जाईल, नंबर बदलेल, दावा पुढं चालेल.

आणि आपल्याला हे नवं आहे होय? 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला (चंदगड तेवढा सुटला). हायकोर्टातली अपिलं मुंबईऐवजी बेंगळुरूला जाऊ लागली, 2008 पासून धारवाडला. आमच्या ट्रंकेत आजोबांचा मुंबई राज्याच्या वेळचा हुकूमनामा (दाव्याच्या निकालाचा कोर्टाचा आदेश) आहे, घडीवर फाटलेला; बांधाच्या भांडणात वकील अजून तोच पुढं करतात.

निकालाची रद्दी? त्याच संहितेचं कलम 37 बघा. हुकूमनामा देणारं कोर्टच उरलं नाही, तर आज तो दावा जिथं लावावा लागला असता तिथं दरखास्त, म्हणजे हुकूमनामा अमलात आणायचा अर्ज, देता येते.

खरी अडचण अंतराची. खानापूर ते बेळगाव वकिलाला काहीच नाही; लोंढ्यापलीकडच्या गवळीवाड्यावरून तारखेला येणाऱ्या बाईचा अख्खा दिवस मोडतो. वर नोटीस कन्नडमधून, वाचून दाखवणारा शोधायचा. एखादी तारीख चुकली तर गैरहजेरीमुळं दावा काढून टाकला जाऊ शकतो. कोर्ट हलवायची वेळ आलीच तर यावर भांडू.

काकूंना म्हटलं, आधी वकिलांकडून पुढची तारीख लिहून आणा. त्या आणायला गेल्या. तो मजकूर त्यांना कुणी पाठवला होता म्हणाल, तर भावानंच.