मामा, उशी आणि किक

परवापासून डोकं सणकलंय ते अजून शांत नाही, त्यामुळे प्रस्तावना वगैरे काही नाही. चार पोरांचा बँड, पुण्यातली तळमजल्यावरची माझी रेकॉर्डिंगची खोली, आणि सगळा खर्च करणारे बेसिस्टचे, म्हणजे बेस गिटारवाल्याचे, मामा. मामांचा पूर्वी मंडप-लाउडस्पीकरचा धंदा होता. बस.

सकाळी मी किकसमोर, म्हणजे पायानं वाजवायच्या मोठ्या ड्रमसमोर, गुडघे टेकून बसलेलो. पुढचं कातडं काढलेलं, आत उशी कोंबलेली आणि भाड्याने आणलेला एकेजी डी ११२ माइक, तो अंड्यासारखा दिसणारा. हा बीटरजवळ, म्हणजे कातड्यावर आपटणाऱ्या पायाच्या हातोडीजवळ, सरकवला की टकटक वाढते, बाहेर ओढला की नुसतं धम्म. दोन बोटं इकडंतिकडं झालं तरी वेगळाच ड्रम वाटतो. हे ड्रमरला समजावतोय तेवढ्यात मागून आवाज, "एवढा मोठा ढोल आणि आत उशी? झोपवताय काय त्याला?"

म्हटलं, मामा, उशी काढली तर घुमतो.

"मग घुमू दे की! लक्ष्मी रोडला एवढे ढोल वाजतात, एकात तरी उशी बघितलीस?"

आता यावर काय बोलणार. मी गणपतीत कानात बोळे घालून फिरतो आणि आमच्या गल्लीत मला त्यावरून अकाली म्हातारा समजतात, तो विषय वेगळा.

मग बेस अ‍ॅम्प. त्याला माझा स्वतःचा सेनहायझर एमडी ४२१ माइक, हे मॉडेल १९६० पासून चालू आहे आणि माझा पीस माझ्यापेक्षा मोठा असावा असं त्याच्याकडं बघून वाटतं. अ‍ॅम्पमधल्या स्पीकरच्या कोनच्या मधोमध धरला तर आवाज उघडा, खरखरीत. कडेला नेला तर गोल, जाड. मी मधला कुठलातरी बिंदू शोधतोय, बेसिस्ट एकच सूर वाजवून वाजवून कंटाळलाय, आणि मामा माइकच्या बुडाशी असलेल्या रिंगवर बोट ठेवून विचारतायत, "हे एम म्हणजे काय? मामा?" म्हटलं, म्युझिक. दुसऱ्या टोकाला एस, म्हणजे स्पीच, तिकडं नेलं की खालचा बेस कापतो, कृपा करून हात लावू नका. "अरे मी साउंडवालाच आहे," मामा म्हणाले. "आमच्याकडं एक माइक होता. आरती त्यावर, भाषण त्यावर, हरवलेलं पोरगं त्यावर. कोणी कधी म्हणालं नाही की पोरगं नीट हरवल्यासारखं वाटत नाही."

सगळे खदाखदा हसले. मी पण हसलो, पैसे त्यांचे होते.

टेक सुरू झाला आणि किक अचानक पिंपासारखा वाजायला लागला. मी आधी फेज बघितली, म्हणजे माइकांच्या लाटा एकमेकींना खातायत का ते, पोलॅरिटी (लाटेची वरची-खालची बाजू) उलटी केली, केबल बदलली, मग बेसचा डीआय (गिटारमधून थेट वायरनं घेतलेला आवाज) आणि माइक जुळवत बसलो, कारण ३४ सेंटीमीटर अंतर म्हणजे एक मिलिसेकंद उशीर आणि तेवढ्यानंही खालचा भाग पातळ होतो. तासभर गेला. शेवटी उठून आत गेलो तर मामा खुर्चीत, पाठीला किकमधली उशी, डी ११२ मान टाकून पडलेला.

"कंबर धरली रे. तिकडं तिचा काही उपयोग दिसत नव्हता."

बँडमधलं एकही पोरगं मामांना काही बोललं नाही. ड्रमर तर म्हणाला, "पण घुमतोय ते जरा भारी वाटतंय." भाच्यानं मामांना चहा दिला. मला नाही.

असो, रात्री जागून मिक्स पाठवला. बेसची खालची तार ४१ हर्ट्झची, तिची लाट सव्वाआठ मीटर लांब, माझी खोली साडेतीन मीटरची, म्हणजे खोलीत खालचा आवाज नीट ऐकूच येत नाही, खरं खोटं कळायलाच तीन तीन हेडफोन बदलावे लागतात. सकाळी मामांचा फोन, "किक कुठाय? आणि आमच्या भाच्याचा बेस?" विचारलं, कशावर ऐकलं? "मोबाइलवर. चालताना." मोबाइलच्या नखाएवढ्या स्पीकरमधून ४१ हर्ट्झ कुठून येणार, पण हे सांगून उपयोग शून्य. किकचा ३-४ हजार हर्ट्झचा टकटक भाग वाढवला, बेसला थोडी खरखर घातली, परत पाठवलं. "आता कसं!" म्हणे.

म्हणजे ज्या धम्मसाठी माइक भाड्याने आणला तो कोणीच ऐकणार नाही. आजकाल निम्मे लोक बेस सरळ कॉम्प्युटरमध्ये घुसवतात आणि किकवर तयार सॅम्पल, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेला ड्रमचा ठोका, चिकटवतात, आणि रेट विचारताना तेच उदाहरण देतात. वर मामांनी बिलातून माइकचं भाडं कापलंय. म्हणाले, तू तुझ्या हौसेनं आणलास. आणि जो तासभर वायर चाचपत गेला तो पण धरायचा नाही म्हणे, कारण त्या वेळात रेकॉर्डिंग काही झालंच नव्हतं.