देवमाणसाला कोण विचारणार?

घरच्या ग्रुपवर सध्या दोन तट पडलेत. एक म्हणतो, समुपदेशन हे पैसेवाल्यांचं खूळ. आमच्या वेळी मावश्या-काका होते, तेच समजूत काढायचे. दुसरा आम्हा परदेशातल्यांकडे बोट दाखवतो: तिकडे बघा, लोक सरळ थेरपिस्टकडे जातात! या वादात ‘कासव’ हमखास येतो. चौसष्टाव्या राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णकमळ मिळवलेला सुमित्रा भावे-सुनील सुकथनकरांचा हा चित्रपट. त्यातली जानकी खचलेल्या, अनोळखी तरुणाला घरी आणते आणि फारसं काही न विचारता त्याला सावरायला वेळ देते. अशी माणसं हवीत, यावर मात्र दोन्ही तटांचं एकमत.

जानकी मलाही आवडते. पण इंग्लंडमधली व्यवस्था तिच्यासारखी मुळीच नाही. इथे ‘एनएचएस टॉकिंग थेरपीज’ या सरकारी समुपदेशन सेवेकडे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय स्वतःहून नाव नोंदवता येतं, पैसे पडत नाहीत. पुढे मात्र रांग. नंबर लागला की दर भेटीला फॉर्म: गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी लागली, भूक होती का, जगणं नकोसं वाटलं का. नऊ प्रश्न, २७ पैकी गुण. (गुण जितके कमी तितकं बरं, हे आपल्या लोकांना पचणं अवघडच.) भेटी मोजक्या. समोरची बाई कितीही मायाळू असली तरी स्वतःचा घरचा नंबर देत नाही. आपल्या माणसाला हे कोरडं वाटणारच.

तरी इथली एक गोष्ट मला मनापासून पटते. बीएसीपी या समुपदेशकांच्या संघटनेचा नियम आहे: काम करणाऱ्या मान्यताप्राप्त (अ‍ॅक्रेडिटेड) सदस्याने महिन्याला किमान दीड तास स्वतःच्या कामाविषयी दुसऱ्या अनुभवी समुपदेशकाशी बोलायचंच. कोण आपल्यावर नको इतकं विसंबतंय, कुणाचं दुःख ऐकून आपलीच जुनी जखम उघडली, हे सगळं तिथे निघतं. सिनेमातल्या देवमाणसाला असं विचारणारं कुणी लागत नाही. त्याचा तोल पटकथा सांभाळते. खऱ्या आयुष्यात दुखावलेला माणूस आधार देणाऱ्याच्या पायाशी बसतो, आणि त्या जागी बसलेल्या कुणालाही चढू शकते.

ब्रिटनची आरती ओवाळायचं कारण नाही. ‘काउन्सेलर’ ही पाटी इथेही कायद्याने कुणालाही लावता येते. भारतात निदान क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला आरसीआय या सरकारी परिषदेची नोंदणी लागते, आणि २०२२ पासून ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास, फुकट आहे. आमच्या ग्रुपवर तो अजून कुणी टाकलेला नाही. गुड मॉर्निंगची फुलं मात्र रोज येतात.

परवा मावसबहिणीने विचारलं, “एक ताई ट्रॉमा बरा करून देतात म्हणे, जाऊ का?” मी म्हटलं, “जा की. पण आधी विचार, शिक्षण कुठे झालं आणि तुमच्या कामावर कोण लक्ष ठेवतं. ताई चिडल्या तर फी देऊ नकोस, उठून ये.”