हजार हातांचा राजा आणि माझी किल्ली

स्कूटरची किल्ली हरवली की आमच्या घरात दोन पंथ पडतात. मी सोफ्याच्या गाद्या उचकटतो आणि आई जागची न हलता सुरू करते, ‘कार्तवीर्यार्जुनो नाम राजा बाहुसहस्रवान्, तस्य स्मरणमात्रेण गतं नष्टं च लभ्यते.’ या राजाची नुसती आठवण काढली की हरवलेलं सापडतं म्हणे. शोधाशोधीला हजार हातांचा माणूस बोलवावा, यात व्यवहार आहे हे मलाही कबूल. पण मी पडलो नास्तिक.

गेल्या महिन्यात किल्ली फ्रिजमध्ये, कोथिंबिरीच्या जुडीखाली निघाली. आईनं देव्हाऱ्याकडे बघून हात जोडले. मी लगेच काकतालीय न्याय काढला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली, म्हणून फांदी कावळ्यानं मोडली असं होत नाही! वर सांख्य तत्त्वज्ञानाच्या सूत्रांतलं ‘ईश्वरासिद्धेः’ फेकलं. आपल्याच दर्शनात लिहिलंय बघ, ईश्वर असिद्ध.

‘असिद्ध म्हणजे सिद्ध झालेला नाही,’ आई म्हणाली. ‘नाहीच आहे, असं कुठे लिहिलंय?’

सोळाव्या शतकात विज्ञानभिक्षू या भाष्यकारानं याच सूत्रावर नेमका हाच मुद्दा काढला होता. ईश्वर नाहीच म्हणायचं असतं तर सूत्रात ‘ईश्वराभावात्’ आलं असतं. आईला विज्ञानभिक्षू माहीत नाही. ती मेथी निवडत होती.

‘मग प्रयोग करू,’ मी म्हणालो. ‘पुढच्या वेळी तू श्लोक म्हणायचा नाही.’

‘चालेल. आणि त्याच्या पुढच्या वेळी मी म्हणेन, तू शोधायचं नाहीस. एरवी कळणार कसं?’

ही बाजू मला सुचली नव्हती. (विज्ञान शाखेची पदवी माझ्याकडे आहे.)

पंधरा दिवसांत पॅनकार्ड गेलं. पहिला दिवस मी ताठ होतो. दुसऱ्या दिवशी माळा उपसला. त्यात 1998 सालचं रेशनकार्ड आणि एक दात पडलेला कंगवा मिळाला. आई शांतपणे वाती वळत होती. रात्री मीच म्हणालो, ‘आई, म्हण ना एकदा.’

‘छे! प्रयोग बिघडेल.’

एवढी निष्ठा मी प्रयोगशाळेतसुद्धा पाहिली नव्हती. कार्यालयात कार्डाची प्रत द्यायची मुदत दुसऱ्या दिवशीची. सकाळी आंघोळीला गेलो, नळ मोठा सोडला आणि... असो. अर्ध्या तासात कार्ड विम्याच्या फाइलमध्ये सापडलं.

‘मिळालं का?’ आईनं विचारलं. ‘श्लोकाशिवाय? मग तुझंच खरं रे बाबा.’

हा माझा विजयाचा क्षण. मी कार्ड हातात धरून उभा, आणि तोंडातून शब्द फुटेना.

‘फक्त एक,’ वातीचं टोक पिळत ती म्हणाली, ‘बाथरूममध्ये आवाज घुमतो. आणि ते ‘गतं नष्टं’ आहे, ‘गतं भ्रष्टं’ नाही.’