म्हणे नवं मशीन घ्या आणि चीनला हरवा!

मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) दोन सीएनसी लेथवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या कातकामाच्या मशीनवर, शेड चालवणाऱ्या भाच्याने परवा एक फॉरवर्ड पाठवला. खाली प्रश्न: "मामा, तिसरं मशीन कर्जावर घेऊ का?" बडोद्याच्या मराठी ग्रुपांवर फिरणाऱ्या त्या मजकुराचं म्हणणं असं: चीनमध्ये मजुरी नगण्य म्हणून माल स्वस्त, आपण आयातीवरची ड्युटी वाढवावी, लहान कारखानदाराने नवं मशीन घ्यावं, उधारीला मात्र इलाज नाही.

मजुरीचा मुद्दा शिळा झालाय. चिनी कामगाराचा पगार आज आपल्यापेक्षा कितीतरी जास्त आहे.

खरा घातक सल्ला नव्या मशीनचा, कारण तो हप्ता गळ्यात बांधतो. आधी घड्याळ लावून बघा, आहे ते मशीन कापतं किती वेळ? समजा, ८ तासांच्या पाळीत ३ वेळा जॉब, म्हणजे बनवायचा भाग, बदलतो आणि दर सेटिंगला (मशीन पुढच्या जॉबसाठी लावायला) दीड तास जातो. साडेचार तास मशीन उभंच! सेटिंग अर्ध्या तासावर आणलं तर ३ तास सुटतात. एका पीसला ४ मिनिटं धरली तर ४५ पीस जास्त. जपानचे उत्पादनतज्ज्ञ शिगेओ शिंगो यांनी हेच सांगितलं: मशीन थांबवूनच होणारी कामं वेगळी काढा, बाकीची ते चालू असताना उरका. पुढच्या जॉबचे इन्सर्ट (कापणारी पाती), गेज (मापं तपासायची साधनं), प्रोग्राम आधीच ट्रॉलीवर हवेत. इथे मशीन बंद करून ऑपरेटर ॲलन की शोधत फिरतो.

सॉफ्ट जॉ (जॉब पकडणारे, त्याच्या मापाला कापून घेतलेले मऊ जबडे) प्रत्येक जॉबचे वेगळे ठेवा, १-२-३ नंबर मारून. चकवर (जबडे बसतात त्या फिरत्या पकडीवर) त्याच नंबरच्या जागी, दातांच्या त्याच खुणेवर बसवा. एक दात चुकला की जॉब रनआउट दाखवतो, म्हणजे फिरताना मध्यापासून हलतो, मग जॉ पुन्हा कापून घ्या. टॉलरन्स (मापात चालणारा फरक) घट्ट असेल तर जॉवर हलका कट घ्यावाच लागतो, पण तो काही मिनिटांचा. नेहमीची टूल्स टरेटवरून (टूल्स बसवायच्या फिरत्या डोक्यावरून) काढूच नका.

रिजेक्शनही (माल नापास होणं) नव्या मशीनने जात नाही. ५० मिमी व्यासाचा स्टीलचा पीस २० अंश जास्त गरम असताना मोजला तर ११-१२ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) मोठा दिसतो. आपल्याकडे ओके, थंड झाल्यावर ग्राहकाकडे अंडरसाइज, म्हणजे मापापेक्षा लहान.

ड्युटीबद्दल अर्धं खरं आहे, मान्य. चीनमध्ये कर्ज स्वस्त, सुटे भाग हाताशी. पण एप्रिल २०२५ मध्ये आयात होणाऱ्या काही फ्लॅट स्टीलवर (पत्र्यासारख्या पोलादावर) १२ टक्के तात्पुरती सेफगार्ड ड्युटी, म्हणजे देशी उद्योगाच्या संरक्षणासाठीचा जादा कर, लागली. पत्रा कापून माल बनवणाऱ्याला ती संरक्षण वाटेल की खर्च?

आणि उधारीला इलाज नाही? २००६ चा एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचा) कायदा वाचा. सूक्ष्म-लघु पुरवठादाराचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यायचे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, दर महिन्याला चक्रवाढ. २०२३ च्या वित्त कायद्याने आणखी खिळा ठोकला: मुदत उलटली तर खरेदीदाराला तो खर्च आयकरात पैसे देईल त्याच वर्षी वजा मिळतो. त्यासाठी उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) करून नंबर बिलावर छापा आणि डिलिव्हरी चलनावर (मालासोबतच्या पावतीवर) माल पोचल्याची सही-तारीख घ्या. १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर मुदत त्याच तारखेपासून मोजतात.